वऱ्हाडातील उमेदवारी : महिला आणि अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाचा आढावा

अमरावती जिल्ह्यात विधानसभेच्या आठ जागा आहेत, अकोला जिल्ह्यात पाच. २०२४ च्या निवडणुकीत या तेरा जागांवरून एक महिला आणि एक मुस्लिम आमदार निवडून आले. अमरावतीतून राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुलभा खोडके आणि अकोला पश्चिममधून काँग्रेसचे साजिद खान पठाण. अकोल्याच्या पाच आमदारांत एकही महिला नाही. दोन्ही जिल्ह्यांतील जिल्हा परिषदा आणि महापालिकांत मात्र निम्म्या जागा कायद्यानेच महिलांच्या आहेत. अमरावती महापालिकेच्या ८७ जागांपैकी ४४ आणि अकोल्याच्या ८० पैकी ४० जागांवर महिलाच निवडून येतात. एकाच गावात, त्याच मतदारांपुढे आणि बहुतेक त्याच पक्षांकडून दोन इतके वेगळे निकाल का निघतात, हा या विषयाचा गाभा आहे. जिथे कायदा पक्षाला बांधतो आणि जिथे तो पक्षाच्या मर्जीवर सोडतो, त्या दोन ठिकाणांमधले हे अंतर आहे.

वऱ्हाडात अल्पसंख्याक म्हटले की दोन समाज प्रामुख्याने डोळ्यांपुढे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात सुमारे २० टक्के लोकसंख्या मुस्लिम आणि सुमारे १८ टक्के बौद्ध आहे. अमरावतीत हे प्रमाण अनुक्रमे १५ आणि १३ टक्क्यांच्या आसपास आहे. राज्यात मुस्लिमांचे प्रमाण साडेअकरा टक्के आहे. उमेदवारीच्या बाबतीत या दोन समाजांची स्थिती सारखी नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या आणि राखीव जागांचा मार्ग मोकळा झाला. मुस्लिमांसाठी असा कोणताही घटनात्मक मार्ग नाही. त्यांचे प्रतिनिधित्व सर्वस्वी पक्षांच्या तिकिटावर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

१९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या ११२ जागांपैकी १४ मुस्लिमांसाठी आणि ३ महिलांसाठी ठेवल्या होत्या. मुस्लिमांचे मतदारसंघ स्वतंत्र होते. फाळणीच्या अनुभवानंतर संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले आणि धर्मावर आधारित राखीव जागाही ठेवल्या नाहीत. अनुसूचित जाती आणि जमातींना राखीव जागा मिळाल्या. महिला आणि धार्मिक अल्पसंख्याक यांचा प्रश्न राजकीय पक्षांच्या विवेकावर सोपवला गेला.

पहिली काही दशके काँग्रेसने वऱ्हाडात हा विवेक बऱ्यापैकी दाखवला. अकोला लोकसभा मतदारसंघातून १९६२ मध्ये मोहम्मद मोहिब्बुल हक, तर १९६७ आणि १९७१ मध्ये असगर हुसेन काँग्रेसतर्फे निवडून आले. म्हणजे सलग पंधरा वर्षे अकोल्याचा खासदार मुस्लिम होता. ही जागा खुली होती आणि मुस्लिम मतदार तेव्हाही बहुसंख्य नव्हते. त्यानंतर अकोल्याने एकही मुस्लिम खासदार पाहिलेला नाही.

महिलांच्या बाबतीत हेच अमरावतीविषयी म्हणता येते, अकोल्याविषयी नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या निधनानंतर १९६५ च्या पोटनिवडणुकीत विमलाबाई देशमुख लोकसभेत गेल्या. उषा चौधरी १९८० आणि १९८४ मध्ये निवडून आल्या, प्रतिभाताई पाटील १९९१ मध्ये आणि नवनीत राणा २०१९ मध्ये अपक्ष म्हणून. अकोल्याने आजवर एकही महिला खासदार निवडून दिलेली नाही. दोन शेजारी जिल्ह्यांतील हा फरक मतदारांच्या मनोवृत्तीचा आहे असे म्हणायला आधार नाही. अमरावतीत पक्षांनी महिलांना लढत देता येईल अशा वेळी उमेदवारी दिली, अकोल्यात दिली नाही, इतकेच दिसते.

१९८९ नंतर चित्र बदलले. अकोल्यात पांडुरंग फुंडकर यांच्या रूपाने भाजपने लोकसभेची जागा घेतली, अमरावतीत १९९६ पासून शिवसेनेचे अनंत गुढे आले. काँग्रेसची हमखास मते आटली तशी प्रयोगाची तयारीही आटली. ज्या पक्षाला जागा जिंकण्याची खात्री असते तो उमेदवार निवडताना मोकळा असतो. चुरस वाढली की तो सर्वांत सुरक्षित वाटणाऱ्या नावाकडे वळतो, आणि वऱ्हाडात सुरक्षित नाव म्हणजे बहुधा संख्येने मोठ्या शेतकरी जातीतला पुरुष.

या काळातला ठळक अपवाद १९९८ चा. काँग्रेसशी युती करून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते महाराष्ट्रातून लोकसभेत गेले आणि चौघेही खुल्या जागांवरून : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चारपैकी दोन जागा वऱ्हाडातल्या होत्या. युतीने मनापासून मते फिरवली तर खुल्या जागेवरही बौद्ध उमेदवार निवडून येतो, याचा हा पुरावा. १९९९ मध्ये आंबेडकर अकोल्यातून पुन्हा जिंकले, अमरावतीत गुढे परतले.

तिकीट कसे ठरते

उमेदवारीचा निर्णय कायद्याच्या नजरेबाहेर होतो. पक्ष इच्छुकांचे अर्ज मागवतो, जिल्ह्यात मुलाखती होतात, नावे प्रदेशाकडे आणि तिथून दिल्लीला जातात. मधल्या टप्प्यांत नावे गळतात, नवी घुसतात, मित्रपक्षांच्या वाटपात अख्खा मतदारसंघच हातचा जातो. शेवटी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म ज्याच्या हाती पडतो तो उमेदवार. कित्येकदा हा फॉर्म अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, दुपारी तीनच्या मुदतीआधी काही तास पोचतो. ज्याच्याजवळ गाड्या, कार्यकर्ते आणि पैसा आधीच सज्ज आहे तोच अशा वेळी धावू शकतो. खर्चाची कायदेशीर मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख रुपये आहे. एवढी रक्कम स्वतःच्या नावावरील शेतजमिनीच्या किंवा व्यवसायाच्या जोरावर उभी करू शकणाऱ्या महिला वऱ्हाडात फार थोड्या आहेत.

म्हणूनच प्रस्थापित घराण्याशी नाते हा महिलांच्या उमेदवारीतला वारंवार दिसणारा दुवा आहे. तिवसा मतदारसंघातून २००९, २०१४ आणि २०१९ असे तीन वेळा निवडून आलेल्या आणि राज्याच्या महिला व बालविकास मंत्री झालेल्या यशोमती ठाकूर यांचे वडील आमदार होते. सुलभा खोडके आणि नवनीत राणा यांचे पती राजकारणात आहेत. टीकाकार याला घराणेशाही म्हणतात. न्याय्य तुलनेसाठी पुरुषांकडेही पाहावे लागते. अकोल्याचे खासदार अनुप धोत्रे हे संजय धोत्रे यांचे पुत्र, धामणगावचे प्रताप अडसड हे अरुण अडसड यांचे, आणि २००९ मध्ये अमरावतीतून निवडून आलेले रावसाहेब शेखावत हे प्रतिभाताईंचे. वारसा दोघांनाही चालतो. वारशाविना वर येण्याची वाट मात्र पुरुषांना थोडी रुंद आहे, आणि खरी विषमता तिथे आहे. खोडके २००४ मध्ये बडनेऱ्यातून राष्ट्रवादीतर्फे, २०१९ मध्ये अमरावतीतून काँग्रेसतर्फे आणि २०२४ मध्ये पुन्हा राष्ट्रवादीतर्फे निवडून आल्या. तीन विजय, दोन मतदारसंघ, दोन पक्ष. अशी राजकीय कारकीर्द केवळ नात्याच्या आधाराने उभी राहत नाही, याचीही नोंद घ्यायला हवी.

कायद्याचा मार्ग

महिलांच्या राजकीय सहभागाची महाराष्ट्रातली एक महत्त्वाची चळवळ शेतकऱ्यांमधून आली. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला लाखावर महिला जमल्या आणि स्थानिक निवडणुकांत महिलांचे पॅनल उभे करण्याचा विचार पुढे आला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर ग्रामपंचायत संपूर्ण महिलांची झाली. राज्याने लवकरच स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा महिलांसाठी ठेवल्या. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक तृतीयांश आरक्षण आले आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्यावर नेले.

परिणाम वऱ्हाडात डोळ्यांना दिसतो. अकोला जिल्हा परिषदेत २०२० मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रतिभा भोजने आणि २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या संगीता अढाऊ अध्यक्ष झाल्या. ‘सरपंच पती’ हा शब्दही याच काळात रुळला. सही बाईची, कारभार नवऱ्याचा, ही तक्रार खोटी नाही. पण पहिल्या मुदतीत गप्प बसणारी सदस्य दुसऱ्या मुदतीत अंदाजपत्रकावर बोलते, हेही तितकेच खरे आहे. मुंबई महापालिकेच्या प्रभागांवर रिखिल भावनानी यांनी केलेल्या अभ्यासात (२००९) असे आढळले की पूर्वी राखीव असलेल्या आणि नंतर खुल्या झालेल्या प्रभागांत महिला निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. आरक्षण उठल्यावरही त्याचा ठसा राहतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. वऱ्हाडासाठी असा तपशीलवार अभ्यास होणे फार गरजेचे आहे.

इतर मागासवर्गीयांचे स्थानिक आरक्षण मात्र न्यायालयात अडकले. वाशीमच्या विकास गवळी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एकूण आरक्षण ५० टक्क्यांपलीकडे नेण्यास मनाई केली. अकोल्यासह काही जिल्हा परिषदांत पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. अमरावती जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर प्रशासकाचा कारभार सुरू झाला आणि लांबला. निवडणूकच झाली नाही तर आरक्षित जागेचाही उपयोग नाही, हे त्या काळात जिल्ह्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या वाट्याला आले.

विधिमंडळ आणि संसद : चार भूमिका

विधानसभा आणि लोकसभेतील महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ पासून रखडत आले. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले. ते एकमेव विरोधी मत शरद जोशींचे होते, म्हणजे चांदवडच्या अधिवेशनामागच्या नेत्याचेच. त्यांचा विरोध महिलांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता. तो चिठ्ठी टाकून ठरणाऱ्या आणि फिरत राहणाऱ्या मतदारसंघांना होता. पुढच्या वेळी जागा आपली राहणार नाही हे माहीत असलेला लोकप्रतिनिधी, पुरुष असो की महिला, मतदारसंघात मन घालणार नाही, असे ते म्हणत. हा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत एकमताने मंजूर झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीतही राखीव जागा फिरत्याच आहेत. फक्त त्या प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर बदलतील.

या दुरुस्तीचे समर्थक पहिली भूमिका मांडतात. पक्ष स्वतःहून देत नाहीत, हे सात दशकांत सिद्ध झाले आहे. २०२४ मध्ये लोकसभेत ७४ महिला निवडून आल्या, २०१९ मध्ये ७८ होत्या. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७ महिला आहेत. विधानसभेच्या २८८ जागांवर २०१९ मध्ये २४ महिला आल्या, त्या २०२४ मध्ये वाढण्याऐवजी कमी झाल्या. या गतीने तिसरा हिस्सा गाठायला पिढ्या जातील, म्हणून कायदाच हवा.

दुसरी भूमिका आरक्षणांतर्गत आरक्षणाची. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नसेल तर राखीव जागा वरच्या जातींतील सुशिक्षित महिलांकडे जातील, असे तिचे समर्थक सांगतात. २०२३ मध्ये लोकसभेत विरोधी मत देणारे दोघेही एमआयएमचे होते आणि त्यांतले एक औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील होते. घटनेत धर्मावर आधारित राखीव जागा नाहीत, त्यामुळे मुस्लिम महिलांसाठी कोटा शक्य नाही, हे विरोधकांचे उत्तर. ओबीसी महिलांच्या वाट्याला मात्र हे उत्तर लागू पडत नाही, आणि इथे चर्चा खुली राहते.

तिसरी भूमिका पक्षांतर्गत कोट्याची. कायद्याची वाट न पाहता पक्षाने स्वतःची टक्केवारी ठरवावी. ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ मध्ये लोकसभेच्या २१ पैकी ७ उमेदवाऱ्या महिलांना दिल्या. उत्तर प्रदेशात काँग्रेसने २०२२ मध्ये ४० टक्के तिकिटे महिलांना दिली आणि पक्षाच्या अवघ्या दोन जागा आल्या. पहिला पक्ष सत्तेत होता, दुसरा दुबळा होता. हरणाऱ्या जागांवर महिला उभ्या करून टक्केवारी भरण्याचा धोका या दुसऱ्या उदाहरणात दिसतो. ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९९३ मध्ये फक्त महिलांच्या याद्यांतून उमेदवार निवडायचे ठरवले तेव्हा जिंकता येण्याजोग्या जागांवर भर दिला होता. भाजपने २००८ मध्ये संघटनेच्या पदांत महिलांना ३३ टक्के आणि काँग्रेसने २०२३ च्या रायपूर अधिवेशनात वंचित घटक, अल्पसंख्याक आणि महिलांना पक्षसमित्यांत ५० टक्के वाटा मान्य केला. दोन्ही निर्णय पदांचे आहेत, उमेदवारीचे नाहीत.

चौथी भूमिका ‘इलेक्टिव्ह मेरिट’ची. निवडून येण्याची क्षमता हाच निकष, बाकी सगळे नंतर. ही भूमिका सर्व मोठे पक्ष व्यवहारात पाळतात आणि तिला सरसकट दूषण देता येत नाही. जो पक्ष हरतो तो कोणाचेच प्रतिनिधित्व करू शकत नाही. प्रश्न असा की ही क्षमता मोजतात कशी. अकोल्यातल्या काही निवडणुका त्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारख्या आहेत.

अकोल्याचे आकडे

काँग्रेसने २०१४ आणि २०१९ मध्ये अकोला लोकसभेसाठी हिदायत पटेल यांना उमेदवारी दिली. दोन्ही वेळा त्यांना अडीच लाखांच्या वर मते मिळाली आणि भाजपचे संजय धोत्रे मोठ्या फरकाने जिंकले. २०१९ मध्ये हे मताधिक्य २ लाख ७५ हजारांचे होते. २०२४ मध्ये काँग्रेसने डॉ. अभय पाटील यांना उभे केले. त्यांना ४ लाख १६ हजार मते मिळाली आणि अनुप धोत्रे यांचे मताधिक्य सुमारे ४० हजार ६०० वर आले. प्रकाश आंबेडकर २०१९ आणि २०२४ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास राहिले. ‘मुस्लिम उमेदवार दिला की ध्रुवीकरण होते’ असे म्हणणारे याच आकड्यांकडे बोट दाखवतात.

तेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. २०२४ मध्ये विदर्भात दलित, मुस्लिम आणि कुणबी मते एकत्र आल्याची चर्चा होती. मुस्लिम मतदारांनी अभय पाटलांना भरभरून मते दिली असतील, तर मागच्या दोन्ही वेळा पटेलांना शेतकरी जातींकडून तसाच पाठिंबा का मिळाला नाही, हा मुस्लिम समाजाचा प्रश्न आहे. २०२४ मध्ये महाविकास आघाडीने महाराष्ट्रातील ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी त्याविरुद्ध उघड नाराजी नोंदवून प्रचार समितीचा राजीनामा दिला होता.

विधानसभेचा अनुभव वेगळा आहे. अकोला पश्चिम हा गोवर्धन शर्मा यांनी १९९५ पासून सलग राखलेला भाजपचा मतदारसंघ. २०१९ मध्ये काँग्रेसच्या साजिद खान पठाण यांचा तिथे अडीच हजारांच्या आसपास मतांनी पराभव झाला. पक्षाने २०२४ मध्ये त्यांनाच पुन्हा उभे केले आणि ते १,२८३ मतांनी जिंकले. भाजपमध्ये तेव्हा बंडखोरी झाली होती हे खरे, पण पहिल्या पराभवानंतर उमेदवार बदलला असता तर ही संधी आलीच नसती. अमरावती मतदारसंघात त्याच वेळी आझाद समाज पक्षाचे डॉ. अलीम पटेल दुसऱ्या क्रमांकावर आले आणि काँग्रेसचे सुनील देशमुख त्यांच्या मागे राहिले. मूर्तिजापूर या राखीव जागेवर वंचितच्या प्रतिभा अवचार २०१९ मध्ये दोन हजारांहून कमी मतांनी हरल्या होत्या. एका निवडणुकीच्या निकालावरून एखाद्या समाजाची किंवा महिलेची जिंकण्याची क्षमता ठरवणे किती घाईचे आहे, हे या तीन लढतींतून कळते.

अकोल्याने आणखी एक प्रयोग दिला. प्रकाश आंबेडकरांच्या भारिप बहुजन महासंघाने १९९० च्या दशकात माळी, धनगर, बंजारा अशा विखुरलेल्या जातींना आणि मुस्लिमांना उमेदवारी देऊन ‘अकोला पॅटर्न’ उभा केला. बौद्ध मतांचा पाया आणि उमेदवार दुसऱ्या लहान समाजाचा, अशी त्याची मांडणी होती. मखराम पवार, हरिदास भदे, बळीराम सिरस्कार हे त्यातून विधानसभेत गेले. २०१९ मध्ये आंबेडकरांच्याच वंचित बहुजन आघाडीने लोकसभेच्या यादीत उमेदवारांच्या नावापुढे जात छापली. समर्थकांच्या मते हा पारदर्शकपणा होता. बाकीचे पक्ष जे बंद खोलीत मोजतात ते इथे उघड मोजले गेले. टीकाकारांच्या मते त्याने मतविभाजन झाले आणि लाभ भाजपला मिळाला. जिल्हा परिषदेत हा पॅटर्न सत्ता मिळवून देतो, लोकसभेत तो अलीकडे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर थांबतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न राखीव जागा आणि मुस्लिम यांचा. २००६ च्या सच्चर समितीने काही राज्यांत मुस्लिमांची संख्या जास्त असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्याकडे लक्ष वेधले होते. अमरावती लोकसभा २००९ पासून राखीव आहे. तिथे मुस्लिम उमेदवार उभाच राहू शकत नाही. दलितांचा हक्क आणि मुस्लिमांची संधी यांचा मेळ पुढच्या पुनर्रचनेत कसा घालायचा, यावर कोणत्याही पक्षाने ठोस भूमिका घेतलेली नाही. राखीव जागेचा लाभ कोणाला, हाही वाद याच मतदारसंघात गाजला. नवनीत राणा यांचे जातप्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केले, तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला. त्या निवडणुकीत राणा भाजपच्या उमेदवार होत्या आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले.

दुसरा प्रश्न मुस्लिम महिलांचा. महिलांची चर्चा झाली की त्या अल्पसंख्याकांत मोजल्या जातात आणि अल्पसंख्याकांची झाली की महिलांत. २०२४ मध्ये निवडून आलेल्या दहा मुस्लिम आमदारांत मुंबईच्या सना मलिक या एकच महिला आहेत. वऱ्हाडात महापालिकेच्या राखीव प्रभागांतून मुस्लिम महिला नगरसेविका नियमित निवडून येतात. त्यांच्यातून विधानसभेचा उमेदवार घडवण्याचा प्रयत्न मोठ्या पक्षांनी केलेला नाही.

तिसरा प्रश्न माहितीचा. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात उमेदवारांचे लिंग आणि मतदारसंघाचा प्रवर्ग असतो, धर्म नसतो. किती महिलांनी आणि अल्पसंख्याकांनी तिकीट मागितले, त्यांपैकी कितींच्या मुलाखती झाल्या, कितींची नावे प्रदेशाकडे गेली, हे पक्षांच्या दप्तरी असते आणि तिथेच राहते. ‘लायक महिला मिळत नाहीत’ हे पक्षांचे नेहमीचे उत्तर खरे की खोटे, ते या आकड्यांशिवाय तपासता येत नाही. पक्षांनी जिल्हावार इच्छुकांची संख्या जाहीर करावी, ही मागणी कोणत्याही कायद्याशिवाय उद्यापासून अमलात येऊ शकते.

शेवटचा प्रश्न वेळेचा. १०६ व्या घटनादुरुस्तीनुसार महिला आरक्षण दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जनगणनेवर आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवले आहे, आणि त्याची मुदत पंधरा वर्षांची आहे. ते लागू झाल्यावर जागांची संख्या बदलली नाही, तर वऱ्हाडातील या तेरा जागांपैकी सरासरी चार महिलांसाठी राखीव असतील. मुस्लिमांच्या वाट्याला त्यातून कायद्याने एकही जागा येणार नाही.